आधी टायर, मग बाकीची सायकल

सुटे भाग जमवून फॅटबाईक, म्हणजे बर्फा-वाळूत चालणारी जाडजूड टायरची सायकल, उभी करायची असेल तर सुरुवात फ्रेमपासून करायची नाही, टायरपासून करायची. टायर किती रुंद हवा ते ठरलं की त्याला साजेशी रिम ठरते. तो टायर ज्यात मावेल अशीच फ्रेम शोधावी लागते. फ्रेमच्या मागच्या चिमट्यातलं अंतर हबचं (चाकाच्या मधल्या तुंब्याचं) माप ठरवतं आणि हबवरून क्रँकचा, म्हणजे पेडल ज्यावर बसतात त्या भागाचा, दांडा केवढा लागेल ते कळतं. एकात एक अडकलेलं हे सगळं इतकं पटपट ठरत जातं की निवडायला म्हणून आपल्या हाती थोडंच उरतं. ब्रेक, ग्रीस, पेडल, हातापायांची सोय, दिवा. आणि त्यातही आपली आवडनिवड बाजूला ठेवून थंडीला काय चालतं ते बघावं लागतं. बर्फाचा विचार टायरपाशीच संपतो, बाकी सायकलची परीक्षा थंडीच घेते.

मी मिनेसोटात, ब्लूमिंग्टनला राहते. मिनियापोलिसला लागून, मिनेसोटा नदीच्या काठी. नदीकाठच्या सखल जंगलातून मातीची एक अरुंद वाट जाते, तिला इथे सगळे ‘रिव्हर बॉटम्स’ म्हणतात. वसंतात बर्फ वितळून नदी फुगली की ती बरेचदा पाण्याखाली जाते, उन्हाळ्यात डास फोडून खातात, पण हिवाळ्यात तिच्यासारखी वाट नाही. नोव्हेंबरात सायकल गॅरेजमध्ये टांगायची आणि एप्रिलमध्ये उतरवायची, याचा मला वीट आला होता. आईला फोनवर बेत सांगितला तर म्हणाली, “अगं, तिथे बसेस बंद असतात का हिवाळ्यात?” तिचंही बरोबरच होतं म्हणा, कारण इथे जानेवारीत पारा उणे वीसच्या खाली उतरला तर त्याची कुणी बातमी करत नाही.

आणि गंमत अशी की फॅटबाईकच्या इतिहासातला एक मोठा टप्पा याच गावात घडलाय. मूळ अर्थात अलास्काचं. १९८७ साली तिथे आयडिटाबाईक नावाची शर्यत सुरू झाली, कुत्र्यांच्या घसरगाड्यांच्या वाटेवर सायकली हाकायची. साध्या टायरची चाकं बर्फात रुतायची, म्हणून लोकांनी दोन दोन रिमा शेजारी ठेवून वेल्ड केल्या. मग फेअरबँक्सच्या सायमन रॅकोवरने ४४ मिमी रुंदीची ‘स्नोकॅट’ रिम काढली. तिकडे न्यू मेक्सिकोत रे मोलिना वाळूत चालवण्यासाठी ८० मिमीच्या रिमा बनवत होता. पण हे सगळं हौशी मंडळींच्या हातचं काम. २००५ मध्ये ब्लूमिंग्टनच्या सर्ली कंपनीने ‘पग्सली’ नावाची फ्रेम, ६५ मिमीची ‘लार्ज मार्ज’ रिम आणि ३.७ इंची ‘एंडोमॉर्फ’ टायर असा संच बाजारात आणला, आणि फॅटबाईक कुठल्याही दुकानातून मागवता येऊ लागली.

त्या पग्सलीची एक युक्ती मला अजूनही फार आवडते. तिच्यात पुढचं आणि मागचं हब एकाच मापाचं, १३५ मिमी. म्हणजे जंगलात मागच्या चाकाचं फ्रीहब (पेडल मारलं की चाकाला पकडणारा हबचा भाग) गोठून बसलं तर पुढचं चाक मागे लावायचं. पुढच्या हबवर आधीच एखादा कॉग (चेनची दातेरी चक्री) चढवलेला असेल तर गिअर नसले तरी घरी पोचता येतं. आजच्या मापांत ही सोय राहिली नाही. आता टायर आणखी रुंद झालेत आणि त्यांच्यापायी हबही.

तर टायर. इथे एक साधा हिशेब करून बघितला की सगळं डोक्यात लख्ख बसतं. मी, माझे चार थरांचे कपडे, सायकल आणि पाठीवरची बॅग मिळून धरा ८५ किलो. टायरमध्ये ५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक, दर चौरस इंचाला पौंड) हवा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.३५ किलो भार पेलला जातो, म्हणजे दोन्ही टायर मिळून जमिनीला साधारण २४० चौरस सेंटिमीटर टेकतात. रस्त्यावरच्या सायकलीत ८० पीएसआय हवा असते, तिथे हाच आकडा १५वर येतो. टायर स्वतःच्या ताठपणावरही थोडं वजन उचलतो, त्यामुळे हिशेब ढोबळ आहे, पण फरक सोळापट आहे हे विसरू नका. रुंद टायरचं खरं काम हे की इतकी कमी हवा भरूनही रिम दगडावर आपटत नाही. रुंदी घेतली आणि हवा मात्र टम्म भरली, तर जड सायकल ओढायची शिक्षा तेवढी पदरात पडते.

बाजारात तीन वाटा दिसल्या. २६ इंची रिमवर ४ इंची टायर, त्याच रिमवर ४.८ इंची, किंवा २७.५ इंची रिमवर ४.५ इंची. यंत्राने दाबून सपाट केलेल्या वाटांवर (मिनियापोलिसच्या थिओडोर वर्थ पार्कात अशा आहेत) ४ इंची भरपूर झाला. रिव्हर बॉटम्सवर मात्र कुत्री फिरवणाऱ्यांच्या आणि सायकलवाल्यांच्या पावलांनी जेवढं दाबलं जाईल तेवढंच. कडक थंडीत बरेच दिवस नवा बर्फ पडला नाही की जुना बर्फ भाजलेल्या रव्यासारखा सुटा होतो, त्याचा गोळा वळत नाही आणि चाकाखालून तो बाजूला सरकत राहतो. मला तिथेच फिरायचं होतं, म्हणून ४.८ इंची घेतला. ऑफिसला जाणं एवढाच हेतू असता तर फॅटबाईक घेतलीच नसती. इथला मिडटाउन ग्रीनवे हा सायकलचा रस्ता हिवाळ्यातही साफ करतात. तशा रस्त्यावर नेहमीच्या सायकलीला खिळ्यांचे अरुंद टायर लावले की पुरे, आणि ती सायकल फॅटबाईकपेक्षा कितीतरी पळते. हे मी भेटेल त्याला सांगते. कुणाला ऐकायचं नसतं, कारण फॅटबाईक दिसते फार झकास.

खिळ्यांच्या प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. टायरच्या गुट्ट्यांमध्ये टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचे छोटे खिळे बसवलेले असतात, एका टायरला दोनशेच्या वर. बर्फात त्यांचा उपयोग काही नाही, उपयोग आहे तो गोठलेल्या पाण्यावर, म्हणजे तळ्यावर, ओढ्यावर, वितळून पुन्हा गोठलेल्या वाटेवर. किंमत मात्र एका टायरला दोनशे डॉलरच्या आसपास किंवा वरही जाते. शेवटी पुढे खिळ्यांचा टायर लावला. मागे असा लावला की ज्यात खिळ्यांसाठी छिद्रं आहेत पण खिळे नाहीत, ते वेगळे घेऊन नंतर बसवता येतात. मागचं चाक घसरलं तर सायकल तिरकी होते, पाय टेकवून सावरता येतं. पुढचं घसरलं की काही कळायच्या आत खांदा बर्फावर. पैसे एकाच टायरपुरते असतील तर ते पुढेच खर्च करावेत. नवा खिळ्यांचा टायर आधी साधारण ५० किलोमीटर कोरड्या रस्त्यावर सावकाश, जोरात ब्रेक न दाबता चालवायचा, म्हणजे खिळे घट्ट बसतात. ऑक्टोबरात तो कडकड आवाज करत गल्लीतून जाताना शेजारी वळून बघायचे.

रिम ८० मिमीची घेतली. १०० मिमीची रिम हाच टायर आणखी पसरवते, बर्फावर तरंगायला ते बरं, पण टायरचा आकार चौकोनी होतो आणि कडक वाटेवर कमी हवेत हँडल आपलं आपण एका बाजूला ओढायला लागतं. रिमच्या तळाशी मोठाली भोकं असतात, वजन कमी करायला. त्यातून रंगीत पट्टी दिसते, तेवढीच चैन. माझी लाल आहे.

चाकं मात्र मी स्वतः विणली. इथे एक सामायिक वर्कशॉप आहे, तासावर जागा आणि हत्यारं मिळतात. ३२ आरे, तीन आऱ्यांवरून ओलांडून जाणारी वीण. आऱ्यांची लांबी हबच्या आणि रिमच्या मापांवरून काढावी लागते, त्यासाठी कॅल्क्युलेटर आहेत, पण मापं आपणच घेतलेली बरी. निपल, म्हणजे आरा रिमला आवळणारे छोटे नट, पितळेची घेतली. ॲल्युमिनियमची हलकी असतात, रंगीतही मिळतात, पण इथे रस्त्यावर मीठ टाकतात आणि मिठाच्या पाण्यात ॲल्युमिनियमची निपल गंजून आऱ्याशी अशी चिकटतात की पुढच्या वर्षी चाकाचा आउट काढायला गेलं तर निपलच तुटतं. बाबांना व्हिडिओ कॉलवर चाक फिरवून दाखवलं. साताऱ्यात अख्खी नोकरी सायकलवर काढलेला माणूस, त्यांनी टायरच्या रुंदीबद्दल चकार शब्द काढला नाही. “डावीकडे केसभर आउट आहे,” एवढंच म्हणाले. होता.

फ्रेम वापरलेली मिळाली, ॲल्युमिनियमची, सोबत सस्पेन्शन नसलेला कार्बनचा पुढचा चिमटा (फोर्क). ॲल्युमिनियम अशासाठी की मिठाच्या पाण्यात स्टीलची फ्रेम आतून गंजते. आतून गंजरोधक फवारलं तर तीही टिकते, लोक वापरतात. सस्पेन्शनचा चिमटा नको होता, कारण कडाक्याच्या थंडीत त्यातलं तेल घट्ट होऊन तो नुसतं जास्तीचं वजन म्हणून उरतो, आणि ५ पीएसआयचा टायर स्वतःच पुरेसा दबतो. जाहिरातीत मागच्या हबचं माप १९० लिहिलं होतं, फ्रेम हातात आल्यावर मोजलं तर १९७. ही दोन्ही मापं एकाच कुळातली. १९० हे क्विक-रिलीजवाल्या (खटक्याने आवळायच्या बारीक दांड्याच्या) हबचं, १९७ हे थ्रू-ॲक्सलचं (आरपार जाणाऱ्या जाड दांड्याचं), जास्तीचे ७ मिमी चिमट्याच्या आतल्या खाचांत दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन जातात. त्यामुळे हब विकत घेण्यापूर्वी फ्रेम हातात घेऊन मोजायची, दुसऱ्याच्या आकड्यावर जायचं नाही. पुढे १५० मिमी. अलीकडच्या साध्या माउंटन बाईकला मागे १४८ असतं, त्यावरून या सायकलीचा पसारा लक्षात यावा.

बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा दांडा ज्यात फिरतो तो फ्रेमचा भाग, तोही तसाच, १०० मिमी रुंद. साध्या सायकलीत तो ६८ किंवा ७३ असतो. म्हणून क्रँक फॅटबाईकचाच लागतो, आणि त्यातही मागचं हब १७० कुळातलं की १९० कुळातलं ते सांगून मागवावा लागतो, नाहीतर चेन टायरला घासते. दोन्ही पेडलांमधलं अंतर २०० मिमीच्या वर जातं. घोड्यावर बसल्यागत पाय फाकतात असं लोक सांगतात. मला तसं जाणवलं नाही, पण ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी आधी कुणाची तरी सायकल दोन तास मागून घ्यावी आणि मगच पैसे टाकावेत. ४.८ इंची टायरच्या हट्टाची ही किंमत आहे. ४ इंची घेतला असता तर १७० कुळातलं १७७चं हब चाललं असतं आणि पाय जरा जवळ राहिले असते.

गिअरच्या भागात मी काटकसर केली. पुढे एकच, २८ दातांची चक्री. मागे ११ ते ४२ दातांची अकरा चक्र्यांची कॅसेट. पुढचा डीरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) नाही, त्याला टायर आणि चेनच्या मधे जागाच नसते. ४.८ इंची टायर चढवलेल्या चाकाचा व्यास भरतो ३० इंच, त्यामुळे सर्वांत हलक्या गिअरमध्ये पेडलच्या एका फेऱ्याला सायकल १.६ मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी पावणेसहा किलोमीटर. भरभर चालणाऱ्या माणसाएवढा वेग, आणि मऊ बर्फातल्या चढावर तेवढाच निघतो. महागडा डीरेलर घेऊन यात काही बदलत नाही. मिठाच्या पाण्याने वर्षा-दोन वर्षांत चेन आणि कॅसेट जायचीच आहे, तिथे मधल्या दर्जाचंच सामान लावावं.

ब्रेकवरून वर्कशॉपमधल्या माणसांचे दोन तट होते. हायड्रॉलिकवाले आणि केबलवाले. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये काही कंपन्या मिनरल ऑइल वापरतात, काही मोटारीच्या ब्रेकमधलं डॉट फ्लुइड. मिनरल ऑइल उणे वीसच्या खाली दाट होत जातं, लिव्हर दाबला तर सावकाश दबतो आणि त्याहून सावकाश परत येतो. डॉट फ्लुइड थंडीत जास्त टिकाव धरतं, मात्र ते रंग खातं आणि हाताळायला किचकट. मी केबलवर चालणारे डिस्क ब्रेक घेतले, ज्यात पॅड जवळ-लांब करायला दोन्ही बाजूंना मोठे गोल खटके असतात. हातमोजा न काढता ते फिरवता येतात, आणि माझ्या लेखी वाद तिथेच मिटला. केबलला शत्रू एकच, पाणी. म्हणून लिव्हरपासून ब्रेकपर्यंत अखंड आवरण घातलं. आणि सायकल घरात आणायची बंद केली. थंड सायकल उबेत आणली की चष्म्यावर धरतं तसं तिच्यावर पाणी धरतं, ते केबलच्या आवरणात शिरतं आणि दुसऱ्या दिवशी बाहेर नेली की गोठतं. सायकल थंड गॅरेजमध्येच राहते. चेन तेवढी पुसून तेल लावते.

आता फ्रीहब. हा भाग कुणी दाखवत नाही, फोटोत दिसत नाही, आणि हिवाळ्यात माणसाला पायी घरी पाठवणारा भाग हाच. आत छोटे खटके असतात, बारीक स्प्रिंगवर उभे. पेडल मारलं की ते दात्यांत अडकतात आणि चाक फिरतं. कारखान्यातून जे ग्रीस भरून येतं ते बरेचदा उन्हाळ्याच्या हिशेबाचं असतं. उणे पंचवीसला ते इतकं घट्ट होतं की खटके आत चिकटून राहतात, आणि पेडल दोन्हीकडे मोकळं फिरायला लागतं. वर्कशॉपमधल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने नव्याकोऱ्या हबचं फ्रीहब माझ्याकडून उघडून घेतलं, सगळं ग्रीस धुवायला लावलं आणि थंडीत पातळ राहणारं तेल घालायला सांगितलं. नवीन वस्तू पहिल्याच दिवशी खोलायला जीव होत नव्हता. पण सबंध सायकलीत अर्ध्या तासाच्या कामाने इतका फरक पडणारा दुसरा भाग नाही. हेडसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) आणि बॉटम ब्रॅकेटला थोडं दाट ग्रीस चालतं, फिरायला जड झालं तरी ते निकामी होत नाहीत.

हातांसाठी हँडलवर चढवायच्या जाड पिशव्या मिळतात, त्यांना पोगी म्हणतात. दिसायला बेंगरूळ. पण त्यांच्या आत पातळ हातमोजे पुरतात, गिअर आणि ब्रेक बोटांना नीट कळतात. पेडल नायलॉनची, रुंद, सपाट. धातूचं पेडल बुटाच्या तळव्यातून ऊब खेचून घेतं. बूट एक नंबर मोठे, म्हणजे दोन मोज्यांवरही बोटं हलतात. बोटं हलली नाहीत तर कितीही महाग बूट घ्या, गार पडणारच. दिव्यासाठी मी वेगळ्या बॅटरीचा आणि लांब वायरचा संच घेतला. डिसेंबरात इथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि लिथियम बॅटरी थंडीत लवकर मान टाकते, म्हणून बॅटरी जाकिटाच्या आतल्या खिशात आणि दिवा हँडलवर.

टायर ट्यूबलेस केले, म्हणजे आत ट्यूब नाही, छिद्रं बुजवणारं पातळ सीलंट, कारण या मापाच्या एका ट्यूबचंच वजन अर्ध्या किलोच्या घरात जातं. सीलंट मात्र थंडीला टिकणारं घ्यायचं, बाटलीवर तापमान लिहिलेलं असतं. बॅगेत एक ट्यूब आणि मोठ्या पोटाचा पंप तरीही ठेवायचा.

हवेचा मुद्दा आधीच सांगायला हवा होता, तो राहिला. गॅरेजला लागून असलेल्या खोलीत, २० अंशांना, टायरमध्ये ८ पीएसआय भरली आणि उणे २० मध्ये बाहेर पडलं, तर वाटेवर ती ५च्याही किंचित खाली आलेली असते. हवा कुठे गेली नाही, आकसली. रस्त्याच्या टायरला असल्या तीन पीएसआयचं काही वाटत नाही, इथे तो निम्म्याला थोडाच कमी असा फरक आहे. म्हणून हवा वाटेच्या तोंडाशी, सायकल दहा-पंधरा मिनिटं बाहेर थंड झाल्यावर मोजायची. मोटारीच्या टायरचा काटा इतक्या खालच्या आकड्यांना कामाचा नाही, शून्य ते पंधराचा वेगळा मिळतो. फार महाग नसतो, आणि फॅटबाईकसाठी घेतलेल्या वस्तूंत मी सर्वांत जास्त हाच वापरते. इथल्या वाटांवर एक पाळण्यासारखा नियम आहे: मागे एक इंचाहून खोल चर उमटत असेल तर हवा कमी करायची. तरी उमटत असेल तर त्या दिवशी परत फिरायचं, कारण तो चर रात्री गोठतो आणि पुढच्या माणसाचं चाक त्यात अडकतं.

खर्च दोन हजार डॉलरच्या पुढे गेला. तेवढ्यात, किंबहुना थोड्या कमीत, दुकानातून तयार ॲल्युमिनियमची फॅटबाईक मिळते, हमीसकट. सुट्या भागांत बचत होईल म्हणून कुणी या फंदात पडू नये. मला चाकं विणायची होती, ब्रेक आणि हब मनासारखे हवे होते, आणि वर्कशॉपमधल्या शनिवारच्या गप्पांची चटक लागली होती. तयार सायकल घेणाऱ्यानेही फ्रीहबचं तेल बदलावं आणि उरलेले पैसे टायर, पोगी आणि बुटांवर लावावेत.

मागच्या टायरचे खिळे पाकिटात तसेच पडून आहेत. फेब्रुवारीत एखादा दिवस शून्याच्या वर जातो, सगळं वितळतं आणि रात्री नाइन माइल क्रीकजवळची वाट काच होऊन बसते. तेव्हा बसवायला घेईन. छिद्रं दोनशेच्या वर आहेत, एक रविवार त्यात जाईल.